ओपन सोर्स प्रकल्पात इश्यू कुणाला द्यायचा, किती दिवस ठेवायचा आणि परत कसा घ्यायचा?

वाटाड्या

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या मध्यम आकाराच्या प्रकल्पांबद्दल विचारतोय. तीन-चार मेंटेनर म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, सगळे नोकरी सांभाळून काम करणारे, दीड-दोनशे उघडे इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या चुका आणि कामं. एखाद्या इश्यूला ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांना जमेल असं काम) हे लेबल लागलं की त्याच दिवशी खाली चार-पाच कमेंट येतात, सगळ्यांचा मजकूर एकच: ‘मला असाइन करा’, म्हणजे माझ्या नावावर करा.

पहिल्याला दिला, तर बऱ्याचदा पुढे काहीच होत नाही. त्याचं नाव लागलेलं असल्यामुळे दुसरं कुणी हात लावत नाही आणि दहा ओळींची दुरुस्ती तीन महिने पडून राहते. कुणालाच दिला नाही, तर तिघं जण तीच दुरुस्ती करून तीन पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडबदल स्वीकारण्याची विनंती) पाठवतात. त्यातल्या दोघांची मेहनत वाया जाते आणि मेंटेनरला तिन्ही वाचावे लागतात.

असाइन करावं की करूच नये? केलं तर मुदत किती? आणि नाव काढताना समोरचा माणूस दुखावणार नाही असं कसं करायचं? मोठ्या प्रकल्पांत नेमकं काय चालतं ते माहीत असलेल्यांनी तपशिलात लिहावं.

निळावंती

फायरफॉक्सची पद्धत आधी बघा, कारण तिथे हा वाद मुळातच टाळलाय. बगझिला या त्यांच्या बग-नोंदवहीत बगचा मालक ठरलेला नसेल तर तिथे ‘नोबडी’ हे खातं दिसतं. नवख्यांसाठीच्या ‘गुड फर्स्ट बग’वर कुणी ‘मी करू का’ विचारलं, तर उत्तर साधारण एकच असतं: करा, पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवा. पहिला पॅच फॅब्रिकेटर या कोड तपासणीच्या साधनावर चढला की बग आपोआप त्या व्यक्तीच्या नावावर होतो. नाव लागलेलं दिसतंय म्हणजे मागे काहीतरी कोड आहे, एवढी खात्री वाचणाऱ्याला मिळते.

तरीही लोक अर्ध्यावर सोडतातच. त्यासाठी तिथे बगबॉट हा आपोआप चालणारा प्रोग्रॅम आहे. गुड फर्स्ट बगवर दोन महिने हालचाल नसेल, तर तो नाव काढतो आणि तशी नोंद करतो. हे काम यंत्राने केलं की कुणाला राग येत नाही. मेंटेनरने स्वतः लिहिलं की तेच वाक्य ठपका ठेवल्यासारखं वाचलं जातं.

माझं मत सांगते: दोन तासांत होणाऱ्या कामांना असाइन करूच नका. टायपो, तुटलेली लिंक, एखादी चाचणी वाढवणं, असल्या कामात दोन पीआर आले तरी फारसं नुकसान नाही. ज्या कामाला आठवडा लागणार आहे तिथेच नाव राखून ठेवण्याला अर्थ आहे.

तळटीप

निळावंतींशी बऱ्याच अंशी सहमत. पण हा प्रश्न गिटहबच्या आधीपासूनचा आहे आणि डेबियन या लिनक्स वितरणाने तो फार नीट बांधलाय.

डेबियनमध्ये एखादं पॅकेज तयार करायचं ठरवलं की ‘डब्ल्यूएनपीपी’ (काम हवं असलेली आणि होऊ घातलेली पॅकेजं) या नावाखाली ‘आयटीपी’ नोंदवावी लागते. म्हणजे मी हे पॅकेज करणार आहे, दुसऱ्याने सुरुवात करण्याआधी माझ्याशी बोलावं. ती नोंद बराच काळ पडून राहिली तर तिचं शीर्षक बदलून ‘आरएफपी’ करतात, म्हणजे हे पॅकेज हवंय, कुणीतरी करावं. नोंद बंद होत नाही, आधीची चर्चा तशीच राहते, फक्त राखण उठते. गिटहबवर लोक नेमकं इथे चुकतात: माणूस गायब झाला म्हणून इश्यूच बंद करून टाकतात. बग तर अजून आहेच!

मालक वेळेवर उत्तर देत नसेल, तर डेबियनमध्ये ‘एनएमयू’ची, म्हणजे मालक नसलेल्याने दुरुस्ती चढवण्याची सोय आहे. दुसऱ्याने दुरुस्ती करून ती थेट न पाठवता विलंबाच्या रांगेत ठेवायची. ही रांग जास्तीत जास्त १५ दिवसांची असते. तेवढ्यात मालक जागा झाला तर तो थांबवू शकतो, नाहीतर दुरुस्ती आपोआप पुढे जाते. मालकाचा मान राहतो आणि काम अडत नाही.

जँगो या पायथनमधल्या वेब-फ्रेमवर्कचे नियमही वाचण्यासारखे आहेत. तिथे ट्रॅक या नोंद-प्रणालीवर तिकीट (म्हणजे इश्यू) स्वतःच्या नावावर करण्याची मुभा आहे, पण त्यासोबत जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे: घेतलंत तर ठरावीक वेळेत संपवा, जमत नसेल तर सोडा. एक-दोन आठवडे काहीच हालचाल दिसली नाही, तर दुसरा कुणी तुम्हाला तिकीट सोडायला सांगू शकतो, आणि विचारणेला उत्तरच दिलं नाही, तर ते तुमच्याकडून मोकळं केलं जाऊ शकतं. शिवाय तिकीट ‘अ‍ॅक्सेप्टेड’ टप्प्याला येईपर्यंत त्यावर कोड लिहायला घेऊ नये अशी अपेक्षा असते. हा टप्पा फार महत्त्वाचा आहे. जे करायचं की नाही हेच ठरलेलं नाही ते कुणाच्या नावावर केलं, की महिनाभराने ‘आम्हाला हे नकोच होतं’ म्हणायची वेळ येते.

वाटाड्या

यंत्राने नाव काढण्याची कल्पना पटली. पण गिटहबवर बाहेरच्या माणसाला स्वतःला असाइन करता येत नाही, ते बटण त्याला दिसतच नाही. मग प्रत्येक वेळी मेंटेनरनेच करायचं का? आणि बॉट लावायचा तर कुठे अडखळायला होतं?

रात्रपाळी

सविस्तर लिहितो, कारण यातल्या अर्ध्या गोष्टी बॉट चालू केल्यावरच लक्षात येतात.

कुणाला असाइन करता येतं याचा गिटहबचा नियम असा: रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) लिहिण्याची परवानगी असलेले, संस्थेचे वाचन-परवानगी असलेले सदस्य, आणि ज्यांनी त्या इश्यूवर कमेंट केली आहे ते. सार्वजनिक रेपोत एका इश्यूला जास्तीत जास्त १० जण. शेवटचा मुद्दा आपल्या कामाचा आहे. माणसाने ‘टेक’ अशी कमेंट टाकली की त्या कमेंटमुळेच तो असाइन होण्याजोगा होतो आणि बॉट पुढचं काम करू शकतो. पांडाज या पायथन लायब्ररीत हेच चालतं: कमेंटमध्ये फक्त ‘टेक’ हा एक शब्द लिहायचा. कुबरनेटीज या कंटेनर-व्यवस्थापन प्रकल्पात प्राऊ नावाचा बॉट आहे, तिथे ‘स्लॅश असाइन’ आणि ‘स्लॅश अनअसाइन’. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात रस्टबॉटला ‘क्लेम’ म्हणायचं, सोडताना ‘रिलीज असाइनमेंट’. ज्यांना थेट असाइन करता येत नाही त्यांच्यासाठी रस्टबॉट स्वतःचं नाव लावतो आणि इश्यूच्या पहिल्या मजकुरात खऱ्या माणसाची नोंद करतो.

स्वतःचा बॉट गिटहब अ‍ॅक्शन्सवर (गिटहबची स्वयंचलित कामं चालवणारी सोय) पन्नास-साठ ओळींत होतो. सांभाळायच्या गोष्टी या:

‘इश्यू कमेंट’ हा ट्रिगर (बॉटला जागं करणारी घटना) पीआरवरच्या कमेंटलाही चालतो. म्हणून आलेल्या माहितीत ‘पुल रिक्वेस्ट’ हे फील्ड भरलेलं असेल तर तिथेच थांबायचं. नाहीतर कुणी पीआरवर ‘टेक’ लिहिलं की बॉट तोच नावावर करून टाकतो.

कमेंटची आजूबाजूची मोकळी जागा काढून पूर्ण मजकूर जुळवा. नुसता शब्द शोधलात तर ‘आय विल टेक अ लुक’ म्हणणाराही अडकतो.

कमेंटचा मजकूर शेलच्या आज्ञेत थेट घालू नका. कमेंट कुणीही लिहू शकतो, त्यात आज्ञा घुसवता येते आणि ती तुमच्या टोकनच्या (बॉटला दिलेल्या परवान्याच्या) अधिकाराने चालते. मजकूर एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनच द्या. वर्कफ्लोला (बॉटचं काम लिहिलेल्या फाइलला) परवानगी फक्त ‘इश्यूज: राइट’ एवढीच.

इश्यू मोकळा आहे का हे ट्रिगरसोबत आलेल्या माहितीवरून ठरवू नका. ती त्या क्षणाची प्रत असते. दोघांनी पाच सेकंदांच्या अंतराने ‘टेक’ लिहिलं तर दोन्ही प्रतींत इश्यू मोकळाच दिसतो आणि दोघांनाही मिळतो. कामाच्या सुरुवातीला गिटहबच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमने माहिती मागण्याची सोय) ताजी स्थिती घ्या, आणि वर्कफ्लोत ‘कन्करन्सी’ गट इश्यूच्या क्रमांकावर बांधा म्हणजे एका इश्यूची कामं एकामागून एक होतात. यात एक खोच आहे. गटात एक चालू आणि एकच रांगेत राहतं. तिसरा आला की रांगेतला रद्द होतो. त्यामुळे मधल्या माणसाला बॉटकडून काहीच उत्तर मिळत नाही. इश्यू चुकीच्या हाती जात नाही, पण तो माणूस वाट बघत बसतो.

असाइन करण्याची एपीआय विनंती यशस्वी झाली म्हणजे नाव लागलंच असं नाही. परवानगी नसेल तर गिटहब ते नाव गुपचूप गाळतो, चूक दाखवत नाही. परत आलेल्या यादीत नाव आहे का ते तपासा आणि मगच ‘तुम्हाला दिला’ अशी कमेंट टाका.

आणि एक: वर्कफ्लोच्या ठरलेल्या टोकनने केलेल्या कृतीमुळे दुसरा वर्कफ्लो चालू होत नाही. ‘असाइन झाल्यावर स्वागताची कमेंट टाक’ असा वेगळा वर्कफ्लो लिहिलात तर माणसाने असाइन केल्यावर तो चालेल, बॉटने केल्यावर नाही. दोन्ही कामं एकाच फाइलमध्ये ठेवा.

मुदतीचं नंतर लिहितो, तो भाग वेगळाच आहे.

अर्धविराम

मुदतीसाठी लोक सर्रास ‘स्टेल’ ही तयार अ‍ॅक्शन लावतात. माझा त्याला ठाम विरोध आहे, निदान या कामासाठी तरी. तिची मूळ मांडणी ६० दिवसांनी शिळा ठरवायचा आणि पुढे ७ दिवसांनी बंद करायचा अशी आहे. ती नाव काढत नाही, इश्यूच बंद करते. ज्याने वेळ काढून पायऱ्यांसकट बग कळवला त्याला आपण सांगतो की तुझा बग जुना झाला. असं दोनदा झालं की तो माणूस परत बग कळवत नाही.

कुबरनेटीजमध्येही पडलेले इश्यू ९० दिवसांनी ‘स्टेल’, पुढच्या ३० दिवसांनी ‘रॉटन’ आणि त्यापुढच्या ३० दिवसांनी बंद होतात. तिथली आवक अफाट आहे, एकूण पाच महिने मिळतात आणि एका कमेंटने लेबल काढता येतं. दोनशे इश्यूंच्या प्रकल्पाला त्याची गरज नाही.

रात्रपाळी

अर्धविराम यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्याला तांत्रिक बाजूही आहे. ‘स्टेल’ इश्यूची ‘शेवटचा बदल’ ही वेळ बघते. कुणा तिसऱ्याने ‘काही प्रगती?’ विचारलं की घड्याळ शून्यावर जातं. म्हणजे जितके जास्त लोक इश्यूची वाट बघतात, तितका तो गायब माणसाच्या नावावर जास्त काळ राहतो!

घड्याळ त्याच माणसाच्या हालचालीवर चालायला हवं. इश्यूच्या टाइमलाइनमधून तीन गोष्टी काढायच्या: असाइन झाल्याची वेळ, त्याची स्वतःची शेवटची कमेंट, आणि त्याच्या ज्या पीआरमध्ये या इश्यूचा उल्लेख आहे त्यातला त्याचा शेवटचा कमिट (नोंदवलेला कोडबदल). यातली सर्वांत अलीकडची तारीख धरायची. झुलिप या चॅट प्रकल्पाचा बॉट १० दिवस शांतता असली की विचारतो आणि १४ दिवसांनी नाव काढतो. छोट्या इश्यूंना हे प्रमाण योग्य आहे. मोठ्या कामांना २१ आणि २८ दिवस द्या आणि त्यासाठी वेगळं लेबल ठेवा. आपल्याकडचे विद्यार्थी बरेच असतील तर नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे या परीक्षांच्या काळात मुदत दुप्पट करण्यात काहीच बिघडत नाही.

पीआर आला आणि मेंटेनरच्या रिव्ह्यूसाठी थांबला असेल, तर त्या माणसाचं घड्याळ थांबलंच पाहिजे. हे विसरलात तर ज्याने काम पूर्ण केलंय त्याचंच नाव तुमच्या उशिरामुळे निघतं. रस्टमध्ये पीआरवर ‘वेटिंग ऑन रिव्ह्यू’ आणि ‘वेटिंग ऑन ऑथर’ अशी दोन लेबलं असतात. बॉटने पहिलं लेबल असताना काही करायचं नाही.

पीआर जोडलेला आहे का हे फक्त ‘फिक्सेस’ आणि क्रमांक यांवरून बघू नका. तो शब्द मूळ ब्रँचकडे (कोडच्या मुख्य शाखेकडे) जाणाऱ्या पीआरवरच लागू होतो. रिलीज ब्रँचकडे पीआर असेल तर गिटहब इश्यूशी दुवा जोडत नाही, आणि बॉटला वाटतं काम सुरूच झालं नाही. टाइमलाइनमधला साधा उल्लेख मात्र तिथेही दिसतो, तो धरा.

रोजचं वेळापत्रक लावताना क्रॉनची (वेळापत्रकाच्या ओळीची) वेळ मुळात यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे, धरली जाते हे लक्षात ठेवा. सकाळी नऊला हवं असेल तर ३:३० लिहायचं. तासाच्या ठोक्यावर गर्दीमुळे उशीर होतो, म्हणून ३:३७ सारखी आडवेळ बरी. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर गिटहब असे वेळापत्रकाचे वर्कफ्लो बंद करतो. शांत प्रकल्पात बॉट मुकाट झोपतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

नाव काढतानाचा मजकूर छोटा ठेवा: ‘१४ दिवस हालचाल न दिसल्यामुळे हा इश्यू सर्वांसाठी मोकळा केला आहे. तुमचं काम चालू असेल तर पुन्हा टेक लिहा, अर्धवट कोड असेल तर त्या ब्रँचचा दुवा इथे ठेवा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. अर्धवट ब्रँच हाती लागली तर पुढच्याचे बरेच कष्ट वाचतात.

घाटवाट

बॉटचं सगळं मान्य. पण धाग्यात एक गोष्ट राहतेय: मेंटेनर स्वतःच्या नावावर जे इश्यू ठेवतात त्यांचं काय? बहुतेक प्रकल्पांत सर्वांत जुनी अडलेली नावं मेंटेनरांचीच असतात. ‘यावर माझं मत आहे’, ‘हा भाग मी लिहिलाय’, ‘पुढच्या आवृत्तीत बघू’, या तिन्ही कारणांसाठी असाइन वापरलं जातं. नवख्याला मात्र त्याचा एकच अर्थ दिसतो: हे काम चालू आहे.

इश्यू टेम्प्लेटच्या वरच्या भागात ‘असायनीज’ अशी ओळ असते. बऱ्याच रेपोंत तिथे एका मेंटेनरचं नाव कायमचं लिहिलेलं सापडतं, त्यामुळे प्रत्येक नवीन बग जन्मतःच त्याच्या नावावर पडतो. मग ‘नो असायनी’ हा शोध लावला की यादी रिकामी येते आणि बाहेरच्याला वाटतं इथे करण्यासारखं काही नाही. ती ओळ आजच रिकामी करा.

एखाद्या भागाची जबाबदारी कुणाची हे सांगायला ‘कोडओनर्स’ फाइल आहे. त्या फोल्डरला हात लावणारा पीआर आला की त्या व्यक्तीला आपोआप रिव्ह्यूची विनंती जाते. फाइलमधली शेवटची जुळणारी ओळ लागू होते, म्हणून सर्वसाधारण नियम वर आणि विशिष्ट खाली. ज्यांची नावं लिहाल त्यांना रेपोत लिहिण्याची परवानगी हवी. प्रकल्प संस्थेच्या खात्यावर असेल तर ‘ट्रायेज’ रोल देऊन दोन-तीन विश्वासू लोकांना लेबल लावण्याचं आणि असाइन करण्याचं काम देता येतं, कोडला हात न लावू देता. वैयक्तिक खात्यावरच्या रेपोत हा रोल नसतो. संस्था फुकट उघडता येते, तेवढ्यासाठी रेपो हलवणं परवडतं.

दुसरं, किती इश्यू वाटायचे हे येणाऱ्यांच्या संख्येवर ठरवू नका. रिव्ह्यू करणारे आठवड्याला किती पीआर नीट वाचू शकतात ते बघा. तीन मेंटेनर मिळून सहा वाचत असतील, तर नवख्यांच्या हातात एका वेळी दहा-बाराच्या वर इश्यू असता कामा नयेत. ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल बेताने लावा. नाहीतर लोक वेळेत पीआर देतात आणि आपण महिनाभर उत्तर देत नाही. ते गायब होण्याचं हे फार मोठं कारण आहे. गुगल समर ऑफ कोड या नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणाऱ्या उपक्रमाच्या अर्जांचा काळ आणि ऑक्टोबर, हे दोन हंगाम आधीच धरून ठेवा. २०२० साली हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरभर पीआर पाठवण्याच्या उपक्रमात निरर्थक पीआरचा एवढा लोंढा आला की आयोजकांनी ऐन महिन्यात नियम बदलून, ज्या रेपोने स्वतःहून संमती दिली आहे तिथलेच पीआर मोजायला सुरुवात केली.

झुलिपचा आणखी एक नियम घ्यावा असा आहे: पहिला पीआर मर्ज होईपर्यंत (मुख्य कोडमध्ये जाईपर्यंत) नवख्याला एका वेळी एकच इश्यू. बॉटने ‘टेक’ आल्यावर त्या माणसाच्या नावावरचे उघडे इश्यू मोजायचे, एक शोध पुरतो. एकाच संध्याकाळी सात इश्यू अडवून ठेवणं त्याने थांबतं.

निळावंती

घाटवाट यांच्या लेबलच्या मुद्द्याला जोडून. इश्यू वाटण्यालायक आहे का ते लेबल लावण्याआधीच ठरतं. रस्टमध्ये ‘ई-मेंटॉर’ लेबल असलेल्या इश्यूत मार्गदर्शन लिहिलेलं असतं. तसंच करा: कोणती फाइल, कोणतं फंक्शन, आत्ता काय होतं, काय व्हायला हवं, कोणती चाचणी वाढवायची आणि ती एकटी कशी चालवायची. पाच-सहा ओळी. ‘तारखेचं पार्सिंग नीट करा’ एवढंच लिहिलेला इश्यू सोपा वाटतो, पण त्यात टाइमझोन येतो आणि नवखा तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

हल्ली ‘टेक’च्या आधी एआयकडून लिहून घेतलेली लांबलचक योजना चिकटवण्याची पद्धत वाढली आहे. ती वाचत बसू नका. मध्यम आकाराच्या इश्यूसाठी दोनच गोष्टी मागा: त्या व्यक्तीच्या मशीनवर बग दिसल्याचा आउटपुट आवृत्तीसकट, आणि नापास होणारी एक चाचणी. ज्याने खरंच रेपो उतरवून चालवलाय त्याला यासाठी अर्धा तास पुरतो.

वाटाड्या

हे सगळं करूनही एकाच इश्यूवर दोन पीआर आले तर? एक ज्याला दिला होता त्याचा, मुदत संपल्यावर आलेला. दुसरा नंतर घेतलेल्याचा, दोन दिवस आधी आलेला.

तळटीप

ज्याच्या नावावर त्या वेळी इश्यू होता त्याचा पीआर आधी वाचायचा. म्हणजे इथे दुसऱ्याचा. हा क्रम ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ फाइलमध्ये आधीच लिहिलेला असावा, म्हणजे त्या दिवशी वाद घालावा लागत नाही.

मात्र पहिल्याच्या पीआरमध्ये चांगली चाचणी असेल, किंवा दुसऱ्याने न पकडलेली एखादी स्थिती त्याने पकडली असेल, तर तो नुसता बंद करू नका. त्याचा तो कमिट दुसऱ्याच्या ब्रँचमध्ये चेरी-पिक करून (तेवढाच उचलून) घ्या, मूळ लेखकाचं नाव तसंच राहतं. स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात मिसळून) मर्ज करणार असाल तर वेगळे कमिट उरत नाहीत, म्हणून संदेशाच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडून ‘को-ऑथर्ड-बाय’ची (सहलेखकाच्या नावाची) ओळ असलीच पाहिजे. तिथला ईमेल त्याच्या गिटहब खात्याला जोडलेला हवा, नाहीतर त्याच्या प्रोफाइलवर ते काम दिसत नाही. त्याने ईमेल लपवला असेल तर गिटहबने दिलेला नो-रिप्लाय पत्ता चालतो. तो पत्ता त्याच्या कमिटच्या लॉगमध्ये बहुधा असतोच.

मग त्याचा पीआर बंद करताना कोणता भाग कुठे घेतला त्या कमिटचा दुवा द्या, आणि त्याच मोड्यूलमधला, अजून कुणाला न दिलेला एखादा इश्यू त्याला सुचवा. तो भाग त्याच्या हाताखालून नुकताच गेलेला असतो, त्यामुळे पुढचा पीआर लवकर येतो.